एका गोलाने वाचलेली खुर्ची?

इंग्लंडमधील एखादा मोठा फुटबॉल संघ ओळीने पाच-सहा सामने हरला, प्रेक्षागारातून व्यवस्थापकाच्या नावाने शिमगा सुरू झाला आणि संचालकांच्या बैठकीची कुणकुण बातमीदारांना लागली की, तेथील वृत्तपत्रांत एक जुनी कथा हटकून पुन्हा सांगितली जाते. कथा १९९० च्या जानेवारीतील आहे. मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्गसन यांची नोकरी जाणार हे जवळजवळ ठरल्यासारखे होते. नॉटिंगहॅमच्या मैदानावर मार्क रॉबिन्स नावाच्या वीस वर्षांच्या पोराने एक गोल केला. खुर्ची वाचली, आणि त्याच खुर्चीवर बसून फर्गसन यांनी पुढे तेवीस वर्षे राज्य केले व लीगचे विजेतेपद तेरा वेळा मिळविले. तात्पर्य काय, तर धीर धरावा.

कथा गोड आहे. तिच्यातील प्रत्येक घटना खरीही आहे. तरी ती जरा बारकाईने पाहिली की तिचा पूर्वार्ध तिच्या तात्पर्याशी भांडताना दिसतो. त्या एका गोलामुळे फर्गसन वाचले असतील, तर संचालकांनी धीर धरला असे कसे म्हणता येईल? त्यांनी फक्त निकालाची वाट पाहिली, आणि निकाल अनुकूल लागला एवढेच. उलट संचालक खरोखरच धीराने वागले असतील, तर त्या गोलाचा आणि खुर्चीचा काही संबंध उरत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. पण गेली पस्तीस वर्षे त्या एका दमात सांगितल्या जातात आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

इंग्लिश फुटबॉलमधील 'मॅनेजर' हा त्या काळी निव्वळ शिक्षक नव्हता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडे क्रिकेट संघाबरोबर जाणारा मॅनेजर म्हणजे तिकिटे, हॉटेले आणि भत्ते पाहणारा गृहस्थ अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. तिकडचा मॅनेजर संघ निवडी, डावपेच ठरवी, कोणता खेळाडू किती पौंडांना घ्यावा आणि कोणता विकावा हे सांगे, शाळकरी पोरांमधून उद्याचे खेळाडू हेरण्याची व्यवस्था लावी, आणि शनिवारी पराभव झाला की त्याचे सारे खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेई. या सगळ्या कामांतले एकच काम लोकांना दिसत असे, ते म्हणजे शनिवारचा निकाल. खेळाडू अकरा, ते सगळे एकदम बदलता येत नाहीत. संचालक स्वतःला काढून टाकीत नाहीत. प्रेक्षकांना तर काढताच येत नाही. उरतो तो एकटा मॅनेजर. संघाचे अपयश ज्याच्या एकाच्या गळ्यात बांधता येते असा माणूस हवा असतो, आणि त्यासाठी ही जागा फार सोयीची ठरली.

फर्गसन या जागेवर ६ नोव्हेंबर १९८६ रोजी आले. ग्लासगोच्या गोव्हन भागात, जहाज बांधणीच्या गोद्यांच्या सावलीत ते वाढले. वडील गोदीत कामाला. स्वतः फर्गसन यांनी कारखान्यात हत्यारे घडविण्याची उमेदवारी केली होती आणि तेथे कामगारांचे प्रतिनिधी म्हणून संपातही भाग घेतला होता. नोकरी जाणे म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. १९७८ मध्ये सेंट मिरेन या स्कॉटिश क्लबाने त्यांना काढून टाकले होते. त्याविरुद्ध ते न्यायाधिकरणापर्यंत गेले आणि तेथेही हरले. त्यानंतर ॲबर्डीन या तुलनेने लहान क्लबाला त्यांनी तीन वेळा स्कॉटलंडचे विजेतेपद मिळवून दिले, आणि १९८३ मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप विनर्स कप आणला. अशा माणसाला मँचेस्टरने बोलावले यात नवल नव्हते.

मँचेस्टरचे दुखणे मात्र जुने होते. मॅट बझ्बी यांच्या हाताखाली १९६७ साली शेवटचे लीग विजेतेपद आणि १९६८ साली युरोपियन कप मिळाला, त्यानंतर बझ्बी गेले आणि त्यांच्या जागेवर एकामागून एक माणसे येऊन गेली : मॅकगिनेस, ओफॅरेल, डॉकर्टी, सेक्स्टन, ॲटकिन्सन. १९७४ मध्ये संघ चक्क दुसऱ्या विभागात उतरला. डेव्ह सेक्स्टन यांना १९८१ मध्ये निरोप देण्यात आला तेव्हा संघाने मोसमातील अखेरचे सातही सामने ओळीने जिंकले होते. म्हणजे जिंकूनही जागा टिकतेच असे नव्हते. फर्गसन यांच्या पहिल्या मोसमात संघ अकरावा आला, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात पुन्हा अकरावा.

चौथा मोसम, म्हणजे १९८९-९०, सुरू झाला तोच मुळी एका तमाशाने. अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी आपले भाग मायकेल नाइटन नावाच्या व्यावसायिकाला विकण्याचे ठरविले होते. हे गृहस्थ १९ ऑगस्टला आर्सेनलविरुद्धच्या सामन्यापूर्वी संघाचा गणवेश चढवून मैदानात उतरले, पायाने चेंडू उडवून दाखविला आणि टाळ्या घेतल्या. संघाने सामना ४-१ असा जिंकला. पुढे काही आठवड्यांतच तो व्यवहार फिसकटला आणि अध्यक्षांची शोभा झाली. फर्गसन यांनी मात्र त्या उन्हाळ्यात व शरदात सढळ हाताने खर्च केला होता. नॉटिंगहॅमहून नील वेब, नॉरिचहून माइक फेलन, वेस्ट हॅमहून पॉल इन्स, साउदॅम्प्टनहून डॅनी वॉलेस, आणि मिडल्झब्रोहून गॅरी पॅलिस्टर. एकट्या पॅलिस्टरसाठी २३ लाख पौंड मोजले गेले. एखाद्या बचावपटूसाठी एवढी रक्कम मोजणे ब्रिटनमध्ये तोवर ऐकिवात नव्हते. पैसे दिलेले दिसतात, निकाल दिसत नाही. यापेक्षा अवघड स्थितीत कोणताही व्यवस्थापक सापडू नये.

सप्टेंबरच्या २३ तारखेला मँचेस्टरच्याच दुसऱ्या संघाशी, सिटीशी, गाठ पडली. सिटी त्याच वर्षी दुसऱ्या विभागातून वर आलेला. त्याने युनायटेडला ५-१ असे धुऊन काढले. त्या दिवशी घरी जाऊन आपण पलंगावर पडलो आणि उशी डोक्यावर ओढून घेतली, असे फर्गसन यांनी पुढे सांगितले आहे. ज्या गावात दूधवाल्यापासून शाळामास्तरापर्यंत प्रत्येक जण या ना त्या संघाचा आहे, त्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड दाखवायचे कसे, हा प्रश्न काही काल्पनिक नव्हता.

त्यापुढे खरी घसरण लागली. १८ नोव्हेंबरला ल्यूटनवर मिळालेला विजय हा त्या वर्षातला लीगमधील अखेरचा विजय ठरला. चेल्सीशी बरोबरी, आर्सेनलकडून हार, क्रिस्टल पॅलेसकडून घरच्या मैदानावर हार, टॉटनहॅमकडून हार, लिव्हरपूलशी बरोबरी. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ॲस्टन व्हिलाने ३-० असे हरविले, आणि याच व्हिलाला फर्गसन यांनी काही महिन्यांपूर्वी आपला पॉल मॅकग्रा हा खंदा बचावपटू विकलेला. मॅकग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड हे प्रेक्षकांचे लाडके होते. पण संघात मद्यपानाची जी रीत रुळली होती ती मोडण्यासाठी फर्गसन यांनी दोघांनाही निरोप दिला होता. डिसेंबरचा संपूर्ण महिना विजयाविना गेला. ९ डिसेंबरला, पॅलेसविरुद्धच्या सामन्यात, ओल्ड ट्रॅफर्डच्या गर्दीत एक चादर फडकली. तीन वर्षे सबबी ऐकल्या, खेळ अजूनही टाकाऊच, आता या राम राम घेऊन, अशा आशयाची अक्षरे तीवर रंगविलेली होती. शिवी एकदा बोलून विरून जाते. चादर मात्र कोणीतरी घरी बसून, ब्रश घेऊन, विचारपूर्वक रंगवावी लागते. प्रेक्षकांचे मन किती दूर गेले होते हे त्या चादरीने सांगितले.

अशा वेळी एफ. ए. कपाच्या तिसऱ्या फेरीत युनायटेडच्या वाट्याला नॉटिंगहॅम फॉरेस्टचा संघ आला, तोही त्यांच्याच मैदानावर. तारीख ७ जानेवारी १९९०. कर्णधार ब्रायन रॉबसन जायबंदी. नील वेब सप्टेंबरमध्येच इंग्लंडकडून खेळताना पायाची शीर तुटून घरी बसलेला. हरले तर फर्गसन गेले, असे पत्रकार उघड लिहीत होते.

समोरच्या बाकावर हिरवा स्वेटर घालून ब्रायन क्लफ बसले होते. हा योगायोग कथेत सहसा येत नाही, पण त्यात कथेपेक्षा अधिक अर्थ आहे. हेच क्लफ १९७४ मध्ये लीड्स युनायटेडचे व्यवस्थापक झाले होते. लीड्स तेव्हा इंग्लंडचा विजेता संघ. क्लफ यांनी वर्षानुवर्षे त्या संघाच्या खेळाला आडदांड म्हणून नावे ठेवली होती, आणि आता तेच खेळाडू त्यांच्या हाताखाली आले. लीगमधील पहिल्या सहा सामन्यांत एकच विजय मिळाला. चव्वेचाळिसाव्या दिवशी संचालकांनी त्यांना घरी पाठविले. पुढच्या जानेवारीच्या सहा तारखेला ते दुसऱ्या विभागातील फॉरेस्टकडे गेले, म्हणजे फर्गसन त्यांच्या समोर उभे राहिले त्याच्या आदल्याच दिवशी क्लफ यांना तेथे पंधरा वर्षे पूर्ण झाली होती. फॉरेस्टलाही पहिल्या मोसमात काही साधले नव्हते. संघ दुसऱ्या विभागात सोळावा आला होता. पण कोणी घाई केली नाही. १९७७ मध्ये संघ वर चढला, १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला, आणि १९७९ व १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन कप त्याने नेला. माणूस तोच होता. लीड्सला तो चव्वेचाळीस दिवसांत नकोसा झाला आणि फॉरेस्टने त्याच्या हातून युरोप जिंकला. एवढे पाहिले तर धीराचा पक्ष अगदी भक्कम वाटू लागतो. क्लफ यांच्या आयुष्यातच त्याचे दुसरे टोकही आहे. तेथे नंतर येऊ.

सामन्याचे सांगण्यासारखे फार नाही. उत्तरार्धात मार्क ह्यूजने पायाच्या बाहेरच्या अंगाने एक चेंडू वळवून आत घातला, रॉबिन्सने तो डोक्याने जाळ्यात ढकलला, आणि युनायटेड १-० ने जिंकला.

आता कथा येथे थांबते आणि एकदम मे महिन्यातील कपाकडे उडी मारते. मधले पाच आठवडे ती गाळते. त्या पाच आठवड्यांत काय झाले? पुढच्याच शनिवारी युनायटेड डर्बीकडून घरच्या मैदानावर हरला. त्याच्या पुढच्या आठवड्यात नॉरिचकडून हरला. मग सिटीशी बरोबरी. लीगमधील विजय आला तो १० फेब्रुवारीला, मिलवॉलच्या मैदानावर. लागोपाठ अकरा लीग सामने विजयाविना गेले, आणि त्यांतले तीन त्या जगप्रसिद्ध गोलानंतरचे होते. रॉबिन्सच्या गोलाने संघाचे नशीब फिरले नाही. त्याने केवळ कपातला मुक्काम लांबविला. हकालपट्टीच करायची असती तर नॉरिचच्या सामन्यानंतरची सोमवार सकाळ तिला अगदी योग्य होती. ती झाली नाही. अध्यक्ष एडवर्ड्स यांनी नंतर सांगितले आहे की, फॉरेस्टकडून हरलो असतो तरी फर्गसन यांना काढण्याचा विचार नव्हता. यशानंतर दिलेली अशी ग्वाही जपूनच ऐकावी लागते, कारण विजयाला बाप पुष्कळ असतात. परंतु डर्बी आणि नॉरिच यांच्या पराभवांनंतरही संचालक स्वस्थ राहिले, ही वस्तुस्थिती त्या ग्वाहीला पुष्टी देते.

कपाची वाटचालही फार दिमाखदार नव्हती. हेरफर्ड, न्यूकॅसल, शेफील्ड युनायटेड, ओल्डहॅम हे पुढचे चारही प्रतिस्पर्धी खालच्या विभागांतले. ओल्डहॅमला तर फेरसामन्यात, तोही जादा वेळेत, रॉबिन्सच्याच गोलाने हरवावे लागले. अंतिम सामन्यात गाठ पडली ती क्रिस्टल पॅलेसशी. जादा वेळ संपायला सात मिनिटे उरली असताना युनायटेड २-३ असा मागे होता. ह्यूजने बरोबरी साधली. फेरसामन्यासाठी फर्गसन यांनी गोलरक्षक जिम लेटन याला वगळले. ॲबर्डीनपासून बरोबर असलेला, आपणच मँचेस्टरला आणलेला हा माणूस. पण पहिल्या सामन्यातील तीन गोलांनंतर त्याच्यावर त्यांचा भरवसा राहिला नाही. ल्यूटनहून तात्पुरता मागून आणलेला लेस सीली गोलात उभा राहिला, ली मार्टिन या बचावपटूने एकमेव गोल केला, आणि १७ मे १९९० रोजी कप मँचेस्टरला आला. लेटनचे मँचेस्टरमधील दिवस तेथेच संपल्यासारखे झाले. ज्या माणसाला अडचणीच्या काळात सांभाळून घेतले गेले, त्याने दुसऱ्याला सांभाळून घेतले नाही. कथेतून हा भागही गळतो.

त्या मोसमाच्या लीग तक्त्यात मात्र शिकण्यासारखे पुष्कळ आहे. युनायटेड तेरावा आला, गुण ४८. चौदावा आला मँचेस्टर सिटी, गुण ४८. पंधरावा क्रिस्टल पॅलेस, गुण ४८. तीन संघ, तिघांचे गुण सारखे, आणि तिघांनी आपल्या व्यवस्थापकाशी केलेले वर्तन निरनिराळे.

युनायटेडने आपला माणूस ठेवला, हे पाहिलेच. सिटीने काढला. ज्या मेल मॅचिन यांच्या संघाने सप्टेंबरमध्ये फर्गसन यांना उशीखाली तोंड लपवायला लावले, त्याच मॅचिन यांना, डर्बीकडून ०-६ अशी हार खाल्ल्यानंतर, नोव्हेंबर संपण्यापूर्वी घरी बसविण्यात आले. पाच गोल करणारा गेला आणि पाच गोल खाणारा राहिला! सिटीने हॉवर्ड केंडल यांना आणले आणि संघ तळातून वर सरकला. तिसरा पॅलेस. या संघाने सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलकडून ०-९ असा मार खाल्ला होता. पहिल्या विभागात नऊ गोल खाणे म्हणजे व्यवस्थापकाने राजीनामा खिशात घालूनच घरी जावे. पण तेथील संचालकांनी स्टीव्ह कॉपल यांना हात लावला नाही; त्यांनी नायजेल मार्टिन नावाचा नवा गोलरक्षक दहा लाख पौंड देऊन आणला. ब्रिटनमध्ये गोलरक्षकावर एवढा पैसा खर्च झाल्याचा तो पहिलाच प्रसंग. चेंडू जाळ्यात जात होता म्हणून त्यांनी जाळ्यासमोरचा माणूस बदलला, हे साधे शहाणपण वाटते. पण ओरड चालू असताना तेवढेही सुचत नाही. त्याच लिव्हरपूलला पॅलेसने कपाच्या उपांत्य सामन्यात ४-३ असे हरविले.

आणि पुढच्या वर्षी? १९९०-९१ च्या लीगमध्ये पॅलेस तिसरा, सिटी पाचवा, युनायटेड सहावा. म्हणजे माणूस काढणारा क्लब माणूस ठेवणाऱ्या क्लबाच्या वरच होता! त्या वेळी एखाद्याने केवळ तक्ता पाहून निवाडा द्यायचा म्हटले असते, तर सिटीच्या संचालकांची पाठ थोपटणे भाग पडले असते.

हकालपट्टीने संघ सुधारतो काय, याचा शोध अर्थशास्त्रज्ञांनीही घेतला आहे. नेदरलँड्सच्या पहिल्या विभागातील १९८६ ते २००४ या काळातील सामन्यांचा अभ्यास बास तेर वेल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. व्यवस्थापक बदलल्यावर संघाची कामगिरी सुधारते, हे त्यांना दिसले. पण तेवढ्याच वाईट अवस्थेत सापडूनही ज्या संघांनी व्यवस्थापक बदलला नाही, त्यांची कामगिरीही तशीच सुधारलेली आढळली. वर्गात शिकविणाऱ्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. नेहमी साठ गुण मिळविणारा मुलगा एखाद्या चाचणीत पस्तिसावर आला, तर पुढच्या चाचणीत तो बहुधा साठाच्या आसपास परततो. मधल्या काळात त्याला रागावले असो वा पेढा दिलेला असो. रागावणाऱ्या शिक्षकाला आपल्या रागाचा गुण आला असे वाटते. व्यवस्थापकाला तळाशी असताना काढतात, आणि तळानंतर बहुतेक वेळा चढणच असते. नव्या माणसाच्या पदरात ती चढण आयतीच पडते.

या हिशेबाने हकालपट्टी निरर्थक ठरते, पण त्याच हिशेबाने धीरही निरर्थक ठरू शकतो, ही गोष्ट धीराचे पुरस्कर्ते सांगत नाहीत. काही महिन्यांच्या मापाने मोजले तर ठेवणे काय आणि काढणे काय, दोन्ही सारखीच. फरक पडतो तो त्या मापाच्या पलीकडे. युनायटेडच्या संचालकांपुढे १९९० च्या जानेवारीत लीग तक्त्याखेरीज आणखी काही होते, आणि त्या क्लबाचा व सिटीचा पुढचा रस्ता वेगळा झाला तो त्यामुळे. फर्गसन यांनी आल्याबरोबर पोरे हेरणाऱ्या माणसांचे जाळे वाढविले होते. मँचेस्टरमधील चांगली पोरे सिटीकडे जातात, हे त्यांना खुपत होते. सिटीच्याच मुलांत सराव करणाऱ्या एका मुलाच्या घरी ते त्याच्या चौदाव्या वाढदिवशी, २९ नोव्हेंबर १९८७ रोजी, स्वतः गेले आणि त्याला आपल्याकडे वळविले. तो रायन गिग्ज. चादर फडकली तेव्हा गिग्ज सोळा वर्षांचा होता आणि तक्त्यात त्याचे नाव कोठेच नव्हते. १९९२ मध्ये युनायटेडच्या तरुण संघाने एफ. ए. यूथ कप जिंकला. त्यात गिग्ज, बेकम, बट, गॅरी नेव्हिल होते. बॉबी चार्ल्टन हे संचालक मंडळात होते. बझ्बींच्या काळात याच क्लबाच्या पोरांमधून ते स्वतः वर आलेले. उद्याच्या संघाची मशागत कशी दिसते हे त्यांना नव्याने शिकवावे लागत नव्हते. लीगचे विजेतेपद आले १९९३ मध्ये, सव्वीस वर्षांनी.

शाळेच्या दहावीच्या निकालाचा टक्का पाहून मुख्याध्यापकाची बढती-बदली ठरविणाऱ्या संस्थाचालकांना पाचवी-सहावीच्या वर्गात काय चालले आहे ते बघावेसे वाटत नाही, कारण तेथला निकाल पाच वर्षांनी लागायचा असतो. ओल्ड ट्रॅफर्डमध्ये ते पाहिले गेले, इतकेच. त्यात फार मोठे औदार्य नव्हते. डोळे उघडे होते.

पण पोरांच्या वर्गात चांगले चालले आहे म्हणून वरचे सारे आपोआप मार्गी लागते, असेही नाही. तो मोसम संपला तेव्हा खालच्या विभागात उतरणाऱ्या शेफील्ड वेन्झडेचे गुण ४३ होते. युनायटेड आणि तो खड्डा यांत फक्त पाच गुणांचे अंतर होते. दोन सामने आणखी हरले असते, तर गिग्ज आणि बेकम यांची नावे घेऊन फर्गसन यांचे समर्थन करणे कोणत्याही संचालकाला जमले नसते. शहाणपणाला नशिबाची जोड लागली नसती तर ते शहाणपण म्हणून कोणी ओळखलेही नसते.

आणि येथे क्लफ यांच्याकडे परत यावे लागते. फॉरेस्टने त्यांना अठरा वर्षे ठेवले. अखेरच्या वर्षांत मद्याने त्यांची प्रकृती पोखरली होती. १९९२-९३ मध्ये संघ तळाला गेला आणि तळालाच राहिला. तरी दोन युरोपियन कप आणणाऱ्या माणसाला जा म्हणणार कोण? १ मे १९९३ रोजी घरच्या मैदानावरील अखेरचा सामना हरून फॉरेस्ट खालच्या विभागात उतरला. प्रेक्षक रडले, त्यांनी क्लफ यांच्या नावाचा जयघोष केला, आणि क्लफ निवृत्त झाले. त्याच आठवड्यात फर्गसन यांच्या हाती पहिले विजेतेपद येत होते. फॉरेस्टच्या संचालकांनी धीर धरला होता, त्याला कृतज्ञतेचाही आधार होता. आणि त्याची किंमत क्लबाने मोजली. या धीराची कथा कोणी सांगत नाही. फर्गसन यांच्यासारखे वाचलेले एक-दोघे आठवतात. ज्यांना ठेवले आणि ज्यांच्याबरोबर संघही बुडाला, त्यांची नावे संकटाच्या वेळी काढण्याची प्रथा नाही. ज्यांना काढले नसते तर काय झाले असते हे कोणालाच ठाऊक नाही, त्यांची तर मोजदादही होत नाही.

खुद्द मँचेस्टरने आपल्या कथेपासून फार काही घेतले असे दिसत नाही. २०१३ मध्ये फर्गसन यांनी स्वतः निवडलेल्या डेव्हिड मॉइझ यांना सहा वर्षांचा करार देण्यात आला. दहा महिन्यांत, एप्रिल २०१४ मध्ये, त्यांना काढले गेले. लुई फान गाल यांनी २१ मे २०१६ रोजी एफ. ए. कप जिंकला, आणि अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी पुन्हा क्रिस्टल पॅलेसच होता. २३ मे रोजी त्यांची नोकरी गेली. पॅलेसला हरवून मिळालेला जो कप १९९० मध्ये एकाच्या पायाखालचा दगड ठरला होता, तोच दुसऱ्याला दोन दिवसही पुरला नाही. मधल्या काळात खेळातील पैसा कल्पनेपलीकडे वाढला होता. युरोपमधील वरच्या स्पर्धेत प्रवेश हुकला तर होणारा तोटा हिशेबनिसाला लगेच मांडता येतो. मुले घडविण्याचा फायदा त्याला मांडता येत नाही.

राहिला मार्क रॉबिन्स. तो पुढे स्वतः व्यवस्थापक झाला. २०१७ च्या मार्चमध्ये त्याने कोव्हेंट्री सिटी हा रसातळाला चाललेला क्लब दुसऱ्यांदा हाती घेतला. २०१८ मध्ये तो संघ चौथ्या श्रेणीतून वर आला, २०२० मध्ये तिसऱ्या श्रेणीचा विजेता झाला, आणि २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या दारात जाऊन पेनल्टी किकांवर परतला. २१ एप्रिल २०२४ रोजी एफ. ए. कपाच्या उपांत्य सामन्यात त्याच्या समोर होता मँचेस्टर युनायटेड. कोव्हेंट्रीने ०-३ वरून ३-३ अशी बरोबरी साधली, अखेरच्या क्षणी चौथा गोलही केला. पण चित्रफीत पाहून पंचांनी तो बोटभर अंतराच्या ऑफसाइडसाठी नाकारला, आणि युनायटेड पेनल्टी किकांवर निभावला. युनायटेडचे व्यवस्थापक एरिक टेन हाग यांनी पुढे तो कप जिंकला.

नव्या मोसमात दोन्ही संघांची सुरुवात वाईट झाली. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी युनायटेडने टेन हाग यांना काढले. ७ नोव्हेंबरला, संघ सतराव्या क्रमांकावर असताना, कोव्हेंट्रीने रॉबिन्सला काढले. तेथील चाहत्यांत अनेकांना त्याचे वाईट वाटले. त्याच्या जागी आलेल्या फ्रँक लॅम्पार्ड यांनी मोसम संपेतो संघाला पाचव्या क्रमांकावर नेऊन ठेवले. रॉबिन्स २०२५ च्या पहिल्या दिवशी स्टोक सिटीकडे रुजू झाला. तो संघ तेव्हा तळाच्या आसपास होता.